सतरा नंबरची ओली माती

शनिवार, ९ नोव्हेंबर २०१३. माती विक्रीतून जमा, ८२० कोरुना. एकेचाळीस हातगाड्या, दर गाडीला वीस. वहीतले अक्षर माझे आहे आणि पावत्याही मीच फाडल्या आहेत.

त्या दिवशी आमच्या बागवान वसाहतीत वर्षातले शेवटचे श्रमदान होते. बागेचे चौतीस भाड्याचे तुकडे, चौतीस सभासद, आणि प्रत्येकाने वर्षाला दहा तास वसाहतीसाठी फुकट राबायचे, असा नियम आहे. राबून झाल्यावर शेकोटीवर सॉसेज भाजले, पाव आणि मोहरीची चटणी वाटली, बिअरचे पिंप उघडले. मातीचे पैसे त्यातच संपले. मीही दोन सॉसेज खाल्ले.

ती माती मात्र आमची नव्हती. ती सतरा नंबरच्या तुकड्यातली, म्हणजे हेदविका कुबेशोवा यांची होती. त्या शनिवारी बाई साठ किलोमीटरवरच्या आरोग्यधामात होत्या. खुब्याचे ऑपरेशन झाले होते आणि गरम पाण्याच्या हौदात उभे राहून त्या पुन्हा चालायला शिकत होत्या. मी व्यापारी शाळेत शिकलो, पस्तीस वर्षे हिशेबनीस आहे, वसाहतीचा खजिनदारही मीच, पुढच्या वर्षी निवृत्त होईन. जी वस्तू आपली नाही ती विकता येत नाही, हे मला सोळाव्या वर्षी शिकवले होते. तरी मी पावत्या फाडल्या.

कुबेशोवाबाई म्हणजे गावातली कोणी मोठी असामी नव्हे. एकतीस वर्षे त्यांनी लुझ्नाच्या डेअरीत, प्रयोगशाळेच्या मोरीत उभे राहून बाटल्या धुतल्या. पांढऱ्या कोटातले लोक त्यांना नावाने हाक मारत नसत. "बाटल्या झाल्या का?" एवढेच विचारत. आमच्याकडे माणसाच्या नावाआधी पदवी लागते. जिला पदवी नाही तिचे नावही कोणाच्या लक्षात राहत नाही.

१९७४ साली गावाखालच्या बार्तोशच्या कुरणात यंत्रे उतरली. ते कुरण बारा महिने ओले असे. मे महिन्यात तिथे जांभळी ऑर्किड इतकी दाट फुलायची की दुरून कोणी शाई सांडल्यासारखे वाटे. सरकारी शेतीला तिथे मका हवा होता. चर खणले, नळ्या पुरल्या, पाणी काढून दिले. हेदविका तेव्हा तिशीची. डेअरीतली पाळी संपवून घरी जाताना तिने यंत्रासमोर उरलेला फुलांचा शेवटचा पट्टा पाहिला, डेअरीची दुधाची किटली पालथी केली आणि हातांनी तीन गड्डे उकरून तीत भरले.

"ए पोरी, गवत चोरतेस काय?" जेवत बसलेला यंत्रवाला ओरडला.

"का, तुझ्या बापानं पेरलं होतं?" ती म्हणाली, आणि किटली घेऊन चालू लागली.

त्या कुरणाचे एवढेच उरले, तीन गड्डे. मकाही तिथे कधी धड आला नाही.

दोन वर्षांनी वसाहतीत तुकडे वाटले. सतरा नंबर सगळ्यांत खाली, ओढ्याच्या अंगाला. वरच्या तेहतीस तुकड्यांचे पाणी तिथे मुरते आणि बूट घोट्यापर्यंत आत जातो. तो कोणीच घेईना. "तिथं बेडूक पाळा, तेही खोकतील," असे वाटप करणारा म्हणाला आणि सगळे हसले. हेदविका म्हणाली, "मला तोच द्या."

ऑर्किडचे बी म्हणजे धूळ असते. एका शेंगेत हजारो कण असतात, फुंकर मारली की उडून जातात. पण मातीत टाकले तर उगवत नाही, कारण त्या कणाच्या पोटात शिदोरीच नसते. जमिनीतली एक विशिष्ट बुरशी येऊन त्याला भरवते, तेव्हा ते जगते. हे बाईंना कोणी शिकवले नाही. त्यांनी आपल्याच झाडाच्या मुळाचा तुकडा काचेच्या बरणीत ओटच्या घट्ट पेजेवर ठेवला, बुरशी वाढवली आणि तिच्यावर बी पेरले. बाटली निर्जंतुक कशी करायची हे त्या डेअरीत रोज पाहत होत्याच. घरी त्यासाठी प्रेशर कुकर होता. नवरा यारोमिर ट्रक चालवायचा. तो पबमध्ये सांगायचा, "आमच्या फडताळातली बरणी उघडायची मला भीती वाटते. एकीत जर्दाळूचा मुरंबा, दुसरीत बुरशी. आणि बायको म्हणते, मुरंबा खा, पण बुरशीला हात लावलास तर बघ!"

सात वर्षे प्रत्येक बरणी काळी पडून कुजली. १९८३ साली एका बरणीत टाचणीच्या डोक्याएवढे हिरवे ठिपके दिसले. ते मोठे करून ओल्या मातीत लावले आणि त्यांना फूल यायला आणखी पाच वर्षे गेली. पहिले फूल आले त्या दिवशी यारोमिर घरून खुर्ची घेऊन आला, वाफ्याशी बसला आणि संध्याकाळपर्यंत उठला नाही. बारा वर्षांची थट्टा त्याने तिथे बसून फेडली. तीन वर्षांनी तो वारला. खुर्ची अजून तिथेच आहे.

२०१३ च्या जूनमध्ये बाईंनी आगकाड्या रोवून मोजणी केली. दोनशे बारा झाडे भरली.

आता आमच्या अपराधाकडे येतो. ही ऑर्किड शरदात जमिनीवर दिसत नाहीत. पाने काळी पडतात, गळून जातात. खाली चिखलात मात्र हाताच्या पंजासारखा कंद असतो, तोही जोडीने. सरत्या वर्षाचा काळा, सुरकुतलेला, आणि येत्या वर्षाचा पांढरा, टवटवीत. आमच्याकडची जुनी माणसे काळ्याला सैतानाचा हात म्हणतात आणि पांढऱ्याला देवाचा. बाई त्यावर स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या फांद्या पसरायच्या, बस्स. पाटी नाही, चिठ्ठी नाही. पाटी लावलेले झाड रातोरात उपटून नेतात, हा त्यांचा अनुभव.

आणि आम्ही सगळे कोबीवाले. नोव्हेंबरात गड्डे काढायचे, जमीन उलथायची, शेण घालायचे. नोव्हेंबरात जे दिसत नाही ते नाहीच, ही आमची अक्कल. दर मे महिन्यात तीच जांभळी फुले आम्ही तेहतीस जण येता-जाता बघत होतो. ती जागा रिकामी कशी असेल, असे एकालाही वाटले नाही. फुले संपली, वसंतात बाई पुन्हा पेरतील, असे मीही धरून चाललो. सदतीस वर्षांचा शेजार, आणि एकदा विचारले नाही.

आमचे अध्यक्ष इंजिनियर लुबोर हाव्रानेक यांनी आदल्या वर्षी आपल्या तुकड्यावरच्या झोपडीखाली तळघर बांधले. ओढ्याकाठी तळघर बांधले तर पाणी येणारच. त्यांच्या पदवीला हे कळले नाही. २६ ऑक्टोबरला समितीपुढे ठराव आला. सतरा नंबरमधून चर खणून नळी टाकायची आणि पाणी ओढ्यात सोडायचे.

"कुबेशोवाबाईंना विचारायला नको?" मी म्हणालो.

"त्या बाई तिकडे मजेत डुंबतायत," हाव्रानेक म्हणाले. "आणि विचारायचं काय? तुकडा रिकामाच आहे. त्यांचा चिखल आपण फुकट कोरडा करून देतोय, रिशानेक. आभार मानतील."

पाच हात वर झाले. त्यातला एक माझा होता.

श्रमदानाच्या दिवशी फांद्या बाजूला फेकल्या आणि दोन हात रुंद, गुडघाभर खोल चर थेट वाफ्यातून काढला. नळीच्या बाजूंना खडी भरायची होती, म्हणून दोन्हीकडची मातीही खरवडून घेतली. काळी, ओली, भुसभुशीत. अकरा नंबरचा झ्बोर्झिल, कांद्याशिवाय दुसरे काही न लावणारा माणूस, ती मुठीत घेऊन ओरडला, "अरे, ही बघा! ख्रिसमसचा केक!"

"फुकट नाही हं," हाव्रानेक म्हणाले. "गाडीला वीस कोरुना, वसाहतीच्या पेटीत. रिशानेक, लिहा."

मी लिहिले. कोणी किती गाड्या नेल्या, नावानिशी. मधेच झ्बोर्झिलने फावड्याखालून काहीतरी उचलले. पाच बोटांचे, पांढरे, मधोमध चिरलेले.

"हे काय? बाळाचा हात?"

"कसलं तरी मूळ. टाक गाडीत."

त्याने टाकले. मी पाहत होतो.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बाई परतल्या. कुबडी टेकत त्या एकट्याच वसाहतीत गेल्या. तिथून निघाल्या त्या सरळ माझ्या घरी आल्या. कोट काढला नाही. माझ्या बायकोने चहा आणि खसखशीची पोळी पुढे ठेवली, पण बाईंनी कशालाच हात लावला नाही.

"रिशानेकसाहेब, माझी माती कुठं गेली?"

मी समितीचा ठराव, ओलाव्याची तक्रार, सार्वजनिक हित असे काही बोलू लागलो.

"ठराव नको. माती कुठं गेली ते सांगा. तुम्ही लिहिलं असणार. तुम्ही सगळं लिहिता."

मी वही काढली. बावीस नावे. बाईंनी ओळीखाली बोट धरून एकेक नाव आपल्या वहीत उतरवले. चार नंबर, रिशानेक, दोन गाड्या, हेही उतरवले. मान वर करून माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही, आणि तेच मला जास्त लागले.

"उद्याच सगळ्यांकडून परत मागवतो," मी म्हणालो.

"उद्या? जमीन गोठलीय. आता उकरलंत तर जे वाचलंय तेही मोडेल. एप्रिलमध्ये कोंब वर येतील, तेव्हा कळेल कोण जिवंत आहे ते." त्यांनी वही पिशवीत टाकली. "पण उन्हाळ्याआधी ते परत ओल्यात आले पाहिजेत. तुमच्या वाफ्यांत वाळू, चुना आणि शेण. जून तापला की संपलं सगळं. आणि साहेब, बार्तोशचं कुरण आता नाही. त्यांना परत जायला दुसरं गाव नाही."

मार्चमध्ये पबच्या मागच्या खोलीत वार्षिक सभा झाली. बाई उठल्या, हातात तीच वही. म्हणाल्या, एप्रिलमध्ये तुमच्या वाफ्यांत जाड हिरवे कोंब येतील, पानांवर तपकिरी ठिपके असतील. खुरपू नका, मला सांगा, मी येऊन घेऊन जाईन.

"क्षमा करा, कुबेशोवाबाई," हाव्रानेक म्हणाले, "पण लोकांनी पैसे भरून माती घेतलीय. पावती आहे. मातीत जे असेल ते मातीच्या मालकाचं."

"माती माझी होती."

"जमीन वसाहतीची आहे. तुम्ही भाडेकरू. कायदा वाचा, बाई."

"मी बाटल्या धुतल्या, इंजिनियरसाहेब, कायदा नाही वाचला. पण दुसऱ्याची किटली घरी नेली तर डेअरीत तिला चोरी म्हणत."

मागून कोणीतरी म्हणाले, "तुम्हीही एक नेली होतीत ना, चौऱ्याहत्तर साली?" खोली खदखदून हसली.

बाई म्हणाल्या, "नेली होती. दुसऱ्या दिवशी घासून परत ठेवली." आणि खाली बसल्या. तेव्हा कोणी हसले नाही. पण मदतीलाही कोणी उठले नाही. मीसुद्धा नाही, हे लिहून ठेवतो.

एप्रिलच्या मध्याला कोंब आले. स्ट्रॉबेरीत आले, लसणात आले, कोणाच्या खताच्या ढिगावर आले. आणि महिन्याभरापूर्वी हसणाऱ्या माणसांना अचानक फुले आवडू लागली. मी बादली आणि फावडे घेऊन बाईंबरोबर निघालो. उशिरा का होईना, निघालो. नऊ नंबरच्या व्लास्ता पोस्पिखालोवा ही कुबेशोवाबाईंची शाळेपासूनची मैत्रीण. तिच्या स्ट्रॉबेरीत सात कोंब होते.

"अगं हेदविका, एक तरी राहू दे ना. माझ्याकडे आपणहून आलंय ते!"

"आपणहून? वीस कोरुना देऊन आलंय, व्लास्ता."

"पण इथं किती छान दिसतंय!"

"आज दिसतंय. तुझी वाळू आहे. जुलैत तू त्याचं प्रेत उपटशील आणि मला सांगायलाही येणार नाहीस. मी ओळखते तुला."

व्लास्ता रडली, मग तिने स्वतः फावडे घेऊन सातही गड्डे मातीसकट काढून दिले आणि वर खारवलेल्या काकडीची बरणी दिली. झ्बोर्झिलकडे मात्र आम्हाला उशीर झाला होता. त्याने मार्चमध्येच कांद्यासाठी चुना घातला होता. अकरा कोंब वर आले आणि पिवळे पडून आडवे झाले होते. तो टोपी काढून उभा राहिला. "बाई, मला वाटलं गवत आहे," म्हणाला. बाईंनी वाकून एक उपटला. खाली पांढरा हात नव्हता, नुसता काळा होता. त्यांनी तो खिशात ठेवला.

माझ्या दोन गाड्या मी करवंदासारखी आंबट फळे येणाऱ्या माझ्या झुडपांना घातल्या होत्या, वर अमोनियम खत. तिथे काहीच उगवले नाही.

सहा जणांनी झाडे दिली. चौदा जणांनी पावती दाखवली. माझ्या सहीची.

आणि जी मिळाली ती तरी कुठे लावणार? सतरा नंबर उघड्या कौलासारखा वाळला होता. बाई काठावर उभ्या राहिल्या, कुबडीने जमीन टोचली. टक् असा आवाज आला.

"आधी पाणी, रिशानेकसाहेब. पाण्याशिवाय ही माती म्हणजे राख."

रविवारी सकाळी लोक चर्चमध्ये असताना मी वीटभट्टीवरून आणलेली चिकणमाती त्या नळीच्या तोंडात हातभर आत ठोकून भरली. आयुष्यात मी ठरावाविरुद्ध केलेले हे पहिले काम. चार दिवसांत बूट पुन्हा चिखलात जाऊ लागले. पाचव्या दिवशी हाव्रानेक माझ्या फाटकाशी आले.

"रिशानेक, नळी कोणी बुजवली?"

"मी."

"तुम्ही शुद्धीवर आहात का? माझ्या तळघरात वीतभर पाणी आहे! बटाटे तरंगतायत!"

"बटाटे बाजारात मिळतात, इंजिनियरसाहेब. कोरडं तळघर हवं तर ते उंचावर बांधा."

"खजिनदार म्हणून पुढल्या सभेत तुमची गठडी वळतो."

"वळा. पण तोवर किल्ल्या माझ्याकडे आहेत."

किल्ल्यांचे का म्हणालो ते मला तेव्हा नीट माहीत नव्हते. प्रदर्शनाच्या दिवशी कळले.

मेअखेरीला सांस्कृतिक भवनात बागवानांचे प्रदर्शन असते. लांबलचक टेबले, पांढऱ्या चादरी, दारात केक आणि सोडत. मी तिकिटांवर बसलो होतो. अध्यक्षांच्या टेबलावर मातीच्या सुंदर कुंडीत तीन जांभळी ऑर्किड भरगच्च फुललेली होती. पाटीवर लिहिले होते : "कुरणातील ऑर्किड. जोपासना : इं. लुबोर हाव्रानेक." शेजारी पहिल्या क्रमांकाचे प्रशस्तिपत्र. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणारे पुष्कळ पाहिले, पण त्या रेघोट्यांना चौकट करून भिंतीवर लावणारा हा पहिलाच.

बाई आल्या तेव्हा टेबलाभोवती पंधरा-वीस माणसे होती. हाव्रानेक सांगत होते, "नाजूक जात आहे. हात लागतो हो, हात. सगळ्यांना नाही जमत."

"बी कधी पेरलंत, इंजिनियरसाहेब?" बाईंनी विचारले.

"गेल्या शरदात," ते म्हणाले.

व्लास्ता मोठ्याने हसली. तिच्या मागून झ्बोर्झिल म्हणाला, "मग बाईंना बारा वर्षं कशाला लागली? मंदच असतील!"

पण बाई हसल्या नाहीत. त्यांनी उत्तर ऐकलेसुद्धा नव्हते. पुढे झुकून त्यांनी एक बोट कुंडीतल्या मातीत घातले आणि त्यांचा चेहरा उतरला. पिशवीतून पाण्याची बाटली काढली, डेअरीची जुनी, जाड काचेची, आणि सावकाश, गोल फिरवत, सगळी कुंडीत रिकामी केली. कुंडीखाली ताटली नव्हती. पाणी चादरीवर पसरले, पाटीवरची शाई फुटली, प्रशस्तिपत्र भिजून वाकले.

"अहो, काय करताय काय!" हाव्रानेक किंचाळले.

"तहानलीत ती," बाई म्हणाल्या. "तुमच्या सन्मानाचं मला काही नाही, तो तुम्हीच ठेवा. पण यांना रोज पाणी द्या. कळलं का? रोज." बोलताना त्यांचा आवाज कापत होता. चाळीस वर्षांत मी तो कापताना ऐकला नव्हता. सत्तरीची बाई, आपली झाडे चोरणाऱ्याला त्याच झाडांसाठी विनवीत होती, आणि आम्ही हातात केकच्या बशा घेऊन उभे होतो. माझे डोके तिथे फिरले. मी तिकिटांची पेटी झ्बोर्झिलच्या हाती दिली आणि घरी गेलो.

वसाहतीच्या फाटकाशी काचेचा सूचनाफलक आहे. त्याला कुलूप आहे, किल्ली खजिनदाराकडे असते. ज्यांचे भाडे थकले, ज्यांचे श्रमदानाचे तास राहिले, त्यांची नावे दर वसंतात मी तिथे टांगतो. बसथांब्यावर जाणारे सगळे गाव ती वाचते. आमच्याकडे लोक कोर्टाला भीत नाहीत इतके त्या काचेला भितात. एकदा तीन तास श्रमदान राहिले म्हणून नाव लागलेला माणूस ताप अंगावर घेऊन कुंपण रंगवायला आला होता.

सोमवारी सकाळी मी माझ्या खिशातले ८२० कोरुना पेटीत भरले आणि यादी टांगली. वर लिहिले : "९ नोव्हेंबरची माती विक्री रद्द. माल वसाहतीचा नव्हता. खालील सभासदांकडून सतरा नंबरला माती येणे आहे, तीत उगवलेल्या झाडांसकट. गाडीमागे वीस कोरुना खजिनदाराकडून परत मिळतील." खाली बावीस नावे आणि गाड्या. वरून तिसरे नाव माझे. सहा गाड्यांपुढे इंजिनियर लुबोर हाव्रानेक, पदवीसकट. झाडे देऊन टाकलेल्या सहा जणांची नावेही ठेवली, कारण माती त्यांचीही बाकी होती.

"हे बेकायदेशीर आहे!" हाव्रानेक फोनवर म्हणाले.

"असेल. सभा बोलवा. माझ्या वह्या घेऊन येतो, तुमच्या तळघराच्या परवान्याचा कागदही विचारतो."

सभा बोलावली गेली नाही.

मंगळवारी संध्याकाळी पहिली गाडी आली. गुरुवारपर्यंत सतरा नंबरच्या वाटेवर रांग लागली होती. माणसे एकमेकांकडे न बघता गाड्या ढकलत होती. बाई यारोमिरच्या खुर्चीवर बसून कुबडीने जागा दाखवत होत्या. "इथं. हळू. आपटू नका, बटाटे नाहीत ते." वीस कोरुना परत घ्यायला चारच जण आले. बाकीच्यांना माझ्यासमोर उभे राहायची लाज वाटली असावी. वाटू दे. माझ्या दोन गाड्या मी शनिवारी ओतल्या. बाईंनी ती माती बोटांत चुरून हुंगली आणि म्हणाल्या, "खताचा वास येतोय. तिकडे कडेला टाका, झाडांपासून लांब." मी कडेला टाकल्या.

हाव्रानेक यांनी मजूर लावून पाच गाड्या पाठवल्या. सहावी त्या कुंडीत आणि त्यांच्या झोपडीपुढच्या फुलांच्या पेट्यांत आहे, असे मजुराने सांगितले.

जूनच्या शेवटी बाईंनी आगकाड्या रोवल्या. आदल्या वर्षी दोनशे बारा होती, आता एकाहत्तर भरली. त्यांनी दोनदा मोजली. नंतर मला म्हणाल्या, "तीनापासून सुरुवात केली होती, साहेब. फार आहेत." मला हे ऐकून बरे वाटायला हवे होते. वाटले नाही. कुंडीतली तीन वगळून एकशे अडतीस झाडे आम्ही सॉसेजच्या वासात मारली, आणि ज्यांनी मारली त्यांना ती नोव्हेंबरात दिसत नव्हती, एवढाच त्यांचा बचाव आहे. माझाही तोच.

त्या शरदात मी पाटी करून सतरा नंबरच्या फाटकावर ठोकली : "रिकामे नाही." बाईंना ती आवडली नाही, चोर येतील म्हणाल्या. पण काढलीही नाही.

फलकावरची यादी मी खाली घेतलेली नाही. एकवीस नावांवर रेघ मारली आहे. एकेचाळीसपैकी चाळीस गाड्या परत आल्या. इंजिनियर हाव्रानेक यांच्याकडून एक गाडी माती येणे बाकी आहे.